दोन गुरूंचं नाव आणि खडूची पूड

साल 1744. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात सोळा वर्षांचा एक मुलगा आरशात बघून स्वतःचं चित्र काढतोय. हातात ब्रश नाही, शेजारी तेलाची वाटी नाही. रंगाच्या कोरड्या कांड्या आणि स्वतःची बोटं, एवढंच त्याचं सामान. चित्रातल्या मुलाने लाल झगा पांघरलाय. दरबारात वावरणारे पुरुष तेव्हा पावडर लावलेले केसांचे टोप घालत, पण याचे लांब केस खांद्यावर मोकळे सोडलेले आहेत. चित्र 55 सेंटिमीटर उंच आणि 42 सेंटिमीटर रुंद, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं. आज ते ड्रेस्डेनच्याच जुन्या चित्रकारांच्या संग्रहालयात आहे. राफाएलने तरुणपणी काढलेलं आत्मचित्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना या मोकळ्या केसांवरून आणि शांत नजरेवरून त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आठवण व्हायला एक कारण तर मुलाच्या नावातच आहे. त्याचं नाव आंतोन राफाएल मेंग्स. वडील इस्माएल मेंग्स हे ड्रेस्डेनचे दरबारी चित्रकार. लघुचित्रं आणि मीनाकाम यांत त्यांचा हातखंडा होता. 12 मार्च 1728 रोजी एल्ब नदीकाठच्या आउसिग गावात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या उस्तीमध्ये, मुलगा जन्मला आणि वडिलांनी त्याचं नाव दोन इटालियन चित्रकारांवरून ठेवलं. आंतोन हे आंतोनियो अल्लेग्री याच्यावरून, ज्याला जग कोरेज्जो म्हणून ओळखतं, आणि राफाएल हे अर्थातच राफाएलवरून. बाळाला अजून डोळे नीट उघडता येत नव्हते, तेव्हाच त्याने काय व्हायचं हे घरात ठरून गेलं होतं.

या दोन नावांचं वजन समजलं तरच मेंग्सची गोष्ट समजते. राफाएल 1520 मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी रोममध्ये वारला. पुढची दोन-तीनशे वर्षं युरोपात चित्रकला शिकणाऱ्याला त्याचंच उदाहरण दिलं जायचं. त्याच्या चित्रात पन्नास माणसं असली तरी गर्दी वाटत नाही. प्रत्येकाची जागा नेमकी, प्रत्येकाची रेषा स्वच्छ, आणि चेहरा बघितला की मनात काय चाललंय ते कळतं. कोरेज्जो 1534 मध्ये वारला. तो पार्मा शहरात काम करायचा आणि त्याची ताकद वेगळी होती. त्याच्या चित्रात गाल कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, ते दाखवता येत नाही. उजेड कातडीवर पडतो, पसरतो आणि हळूच अंधारात मिसळून जातो. एकाची ओळख रेषेची, दुसऱ्याची ओळख रेषा विरघळवण्याची. इस्माएल मेंग्सना ही दोन्ही बळं एका हातात हवी होती आणि तो हात त्यांच्या मुलाचा असायला हवा होता.

त्यासाठी त्यांनी मुलाला फार कठोरपणे घडवलं. रेखाटन पक्कं होईपर्यंत रंगाला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. 1741 मध्ये ते मुलांना घेऊन थेट रोमला गेले. तिथे व्हॅटिकनमध्ये राफाएलने रंगवलेली दालनं आहेत आणि जवळच सिस्टाइन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोचं छत आहे. चरित्रकार सांगतात की, वडील या मुलाला सकाळी पाव आणि पाण्याची बाटली देऊन तिथे सोडून जायचे. दिवसभर त्याने त्या भिंतींवरून नकला करायच्या आणि संध्याकाळी वडिलांनी त्या तपासायच्या. हा क्रम तीन वर्षं चालला. गाण्याच्या घराण्यात गुरूसमोर बसून तीच बंदिश, तोच पलटा शेकडो वेळा घोटतात, तसंच हे होतं. एखादी रेषा हजारदा गिरवली की ती डोळ्यातून उतरून मनगटात जाते. ज्याला आपण वारसा म्हणतो तो चित्रकाराच्या बाबतीत असा शरीरातून जातो. केवळ बघून किंवा वाचून तो मिळत नाही.

1744 मध्ये कुटुंब ड्रेस्डेनला परतलं आणि हा मुलगा पेस्टलकडे वळला. सुरुवातीला दिलेलं आत्मचित्र याच वर्षाचं. दरबारातला इटालियन गायक डोमेनिको अनिबाली याच्यामुळे मुलाचं काम राजाच्या कानावर गेलं, असं सांगतात. राजा म्हणजे ऑगस्ट तिसरा, सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा. राजकारणापेक्षा चित्रांत अधिक रमणारा हा माणूस. त्याने स्वतःचं, घरच्यांचं, दरबारातल्या गायकांचं चित्र या मुलाकडून काढवून घेतलं आणि 1745 मध्ये त्याला दरबारी चित्रकार नेमलं. तेव्हा मेंग्स सतरा वर्षांचा होता.

पेस्टलच का? ऑगस्टला या माध्यमाचं वेड होतं हे एक कारण. तरुणपणी, 1713 मध्ये, तो व्हेनिसला गेला होता आणि तिथे रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीसमोर बसला होता. रोझाल्बाने आयुष्याची सुरुवात तपकिरीच्या डब्यांची झाकणं रंगवण्यापासून केली आणि पेस्टलला युरोपभर प्रतिष्ठा मिळवून दिली. ऑगस्टने तिची दीडशेहून अधिक पेस्टल चित्रं जमवली. त्यासाठी ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहात वेगळं दालनच होतं. दुसरं कारण व्यवहाराचं. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात, राजाला समोर बसायला वेळ नसतो. पेस्टलला वाळायचंच नसतं. जिथे थांबला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करता येतं.

इथे जरा थांबून पेस्टल म्हणजे नेमकं काय ते बघू. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमुळे पेस्टल म्हटलं की तेलकट, मेणचट खडू डोळ्यांपुढे येतात. ते ऑइल पेस्टल, विसाव्या शतकातली वस्तू. मेंग्सच्या हातातलं पेस्टल कोरडं. रंगाची बारीक पूड घ्यायची, त्यात खडूची पांढरी माती मिसळायची, अगदी थोडं डिंकाचं पाणी घालून कणीक मळावी तसं मळायचं आणि कांड्या वळून वाळवायच्या. इटालियनमधलं ‘पास्ता’ म्हणजे मळलेला गोळा, त्यातूनच ‘पास्तेल्लो’ आणि पुढे पेस्टल हा शब्द आला. डिंक जास्त झाला तर कांडी दगडासारखी कडक होऊन कागद ओरखडते, कमी झाला तर हातातच भुगा होतो. रंग आधी पाटीवर कालवून घ्यायची सोय इथे नसते. त्यामुळे गालाच्या लालीच्या दहा छटा हव्या असतील तर बऱ्याचदा दहा कांड्या जवळ ठेवाव्या लागतात.

कागद खरखरीत असावा लागतो. त्याच्या तंतूंमध्ये पूड अडकते आणि तेवढ्याच आधारावर चित्र टिकतं. उंबऱ्यापुढची रांगोळी मनात आणा आणि ती उभी करून भिंतीवर टांगली आहे अशी कल्पना करा, म्हणजे पेस्टल चित्राचा नाजूकपणा लक्षात येईल. पण याच सुटेपणात त्याचं सौंदर्य आहे. तैलरंगात प्रत्येक कणाभोवती तेल असतं. उजेड आधी त्या तेलात शिरतो, मग रंगापर्यंत पोचतो. शिवाय तेल वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. पेस्टलच्या कणांभोवती फक्त हवा. उजेड थेट कणांवर आपटतो, चहूकडे विखुरतो आणि रंग मऊ, मखमली, आतून उजळल्यासारखा दिसतो. माणसाची कातडी रंगवायला याहून जवळचं माध्यम शोधून सापडायचं नाही. चित्रकार कांडीने रंग देतो आणि करंगळीने किंवा अंगठ्याच्या कडेने तो कागदात चोळतो. म्हणजे चित्रातल्या गालावरून चित्रकाराचं बोट खरोखरच फिरलेलं असतं.

गंमत अशी, की मेंग्सने हातात घेतलेलं हे माध्यमही त्याच गुरूंच्या काळाचं देणं होतं. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांत एक नोंद आहे. कोरड्या रंगांनी रंगवायची पद्धत जाँ पेरेआल या फ्रेंच चित्रकाराकडून विचारून घ्यायची, अशा अर्थाची. पेरेआल 1499 च्या सुमारास फ्रान्सच्या राजाबरोबर मिलानला आला होता. त्याच सुमाराचं लिओनार्दोचं एक रेखाचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मांतुआच्या अधिपतीची पत्नी इझाबेला देस्ते बाजूने दिसते. काळ्या आणि तांबड्या खडूने काढलेल्या या चित्रात पिवळ्या रंगाचा हलका हात फिरला आहे. पेस्टलच्या इतिहासाचा पहिला धडा इथून सुरू होतो. पुढे सोळाव्या शतकात उर्बिनोचा फेदेरिको बारोच्ची चेहऱ्यांच्या अभ्यासासाठी पेस्टल सतत वापरू लागला. त्याचा चरित्रकार बेल्लोरी सांगतो, की पार्माहून आलेल्या एका चित्रकाराने कोरेज्जोचे पेस्टलमधले काही चेहरे सोबत आणले होते, ते बघून बारोच्चीला ही दिशा मिळाली. म्हणजे कांडी लिओनार्दोच्या वहीतून कोरेज्जोच्या शहरात, तिथून उर्बिनोत, मग व्हेनिसच्या रोझाल्बाकडे आणि शेवटी ड्रेस्डेनच्या या मुलाकडे आली. गुरूंसाठी जे मोठ्या चित्राच्या तयारीचं साधन होतं, ते त्याच्या पिढीपर्यंत येता येता स्वतःच पूर्ण चित्र झालं होतं.

1746 मध्ये ड्रेस्डेनमध्ये एक मोठी घटना घडली. मोदेनाचा ड्यूक पैशांच्या अडचणीत होता. त्याच्या संग्रहातली शंभर उत्तमोत्तम चित्रं ऑगस्टने एकगठ्ठा विकत घेतली. त्यांत कोरेज्जोची मोठी वेदीचित्रं होती आणि त्यांत होती ‘पवित्र रात्र’. गोठ्यात येशूचा जन्म झाला आहे आणि चित्रातला सगळा उजेड त्या बाळाच्या अंगातून येतोय. आईचा चेहरा त्याने उजळला आहे, शेजारी उभ्या बाईने डोळे दिपून हात वर केलाय. ज्याच्या नावावरून आपलं नाव ठेवलं, तो गुरू जणू मेंग्सच्या घरी राहायला आला. मेंग्स तेव्हा दुसऱ्यांदा रोमला गेला होता. 1749 च्या अखेरीस तो परतला आणि पुढची जवळपास दोन वर्षं ही चित्रं त्याच्या रोजच्या वाटेवर होती.

याच मुक्कामातलं त्याचं एक पेस्टल म्हणजे ‘बाणाला धार लावणारा आमोर’. आमोर म्हणजे रोमन पुराणातला प्रेमाचा देव, पंख असलेलं एक लहान पोर. सोनेरी कुरळे केस, उघडे खांदे, हातात बाण, आणि तो धार लावायच्या दगडाला टेकवलेला. विषय जुनाच. प्रबोधनकाळात पार्मिजानिनोने धनुष्य तासणारा आमोर रंगवला होता आणि ते चित्र पुष्कळ काळ कोरेज्जोचंच समजलं जात होतं. मेंग्सच्या चित्राकडे अगदी जवळून, एखाद्या मोठ्या छायाचित्रात बघा. खांद्याच्या गोलाईवर कडा शोधायला जा. लांबून ती स्पष्ट वाटते, जवळ गेलं की नाहीशी होते. तिथे फक्त उबदार गुलाबीतून करड्याकडे सरकणारी पूड आहे. ही कोरेज्जोची शिकवण. पण अंगाची ठेवण, हाताचा वळसा, डोक्याचा कल बघितला तर खाली हाडामांसाचा पक्का आराखडा जाणवतो. तो व्हॅटिकनच्या भिंतींसमोर काढलेल्या दिवसांतून आलेला, राफाएलचा. वडिलांनी नावात जोडलेले दोन गुरू या कागदावर खरोखर एकत्र आले. आणि तरी पोर कुणाची नक्कल वाटत नाही. त्याच्या गालावरची ताजी लाली सांगते की ते ड्रेस्डेनच्या उजेडात, एका तेवीस वर्षांच्या माणसाच्या बोटांखाली जन्मलंय.

1751 मध्ये मेंग्स राजाचा प्रमुख चित्रकार झाला आणि त्याच वर्षी रोमला निघाला. तिथे त्याचं दुसरं, भव्य आयुष्य सुरू झालं. नॉर्थम्बरलंडच्या इंग्रज उमरावासाठी त्याने राफाएलच्या ‘अथेन्सचं विद्यापीठ’ या भित्तिचित्राची प्रचंड नक्कल केली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1755 मध्ये योहान योआखिम विंकेलमान रोमला आला. प्राचीन ग्रीक शिल्पांचा हा थोर अभ्यासक मेंग्सचा जिवलग झाला. 1761 मध्ये मेंग्सने अल्बानी वाड्याच्या छतावर ‘पार्नासस’ रंगवलं. मधोमध अपोलो, भोवती कलादेवता. व्हॅटिकनमध्ये राफाएलने रंगवलेल्या त्याच विषयाला हे सरळ उत्तर होतं. आधीच्या पिढीचे चित्रकार छत फोडून आकाश दाखवत, ढगांतून माणसं उडवत. मेंग्सने ते सगळं बाजूला सारलं आणि भिंतीवर टांगायचं शांत चित्र छतावर बसवावं तसं ते रचलं. नवअभिजातवाद नावाची जी लाट पुढे युरोपभर पसरली, तिच्या आरंभखुणांपैकी ही एक. विंकेलमानने 1764 च्या आपल्या प्राचीन कलेच्या इतिहासात लिहिलं, की पहिल्या राफाएलच्या राखेतून फिनिक्स पक्ष्यासारखा मेंग्स उठला आहे.

1762 मध्ये झुरिकमध्ये मेंग्सचं सौंदर्य आणि अभिरुची यांवरचं पुस्तक निघालं. विंकेलमानलाच अर्पण केलेलं. त्यात त्याने गुरूंची वाटणी करून टाकली. राफाएलकडून भाव आणि रचना शिकावी, कोरेज्जोकडून छायाप्रकाश आणि लालित्य, इटालियन चित्रकार टिशियनकडून रंग, आणि या सर्वांच्या मुळाशी प्राचीन ग्रीकांचं सौंदर्य. विद्यार्थ्याला हा नकाशा सोयीचा होता आणि अशा विचारांनी कलाशाळांचा पाया घडवला. प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकवायची पद्धत युरोपातल्या या शाळांत रुजली. 1857 मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली, तिथेही हीच पद्धत आली.

पण इथे मला पेस्टलचाच एक धडा आठवतो. पूड झडू नये म्हणून तिच्यावर डिंकाचं किंवा राळेचं पातळ द्रावण फवारतात. 1753 मध्ये लोरिओ नावाच्या माणसाने पॅरिसच्या चित्रकार अकादमीपुढे अशी युक्ती दाखवली, तेव्हा मोठा गवगवा झाला होता. अडचण अशी, की द्रावण कणांमधल्या हवेच्या जागेत शिरतं. वाळलेल्या अंगणात पाणी शिंपडलं की माती गडद होते, तसं चित्रही गडद होतं. जरा जास्त मारा झाला की ते टिकतं, पण त्यातला उजेड जातो. म्हणून चांगले पेस्टलकार पूड सुटीच ठेवतात आणि चित्र काचेमागे सांभाळतात.

मेंग्सच्या मोठ्या चित्रांचं काहीसं असंच झालं, असं मला वाटतं. गुरूंचे गुण त्याने नियमांत पक्के बसवले आणि त्या नियमांनी तो भव्य छतं आणि वेदीचित्रं रंगवू लागला. त्यांत चूक सापडत नाही, पण श्वासही कमी जाणवतो. हयातीत त्याला युरोपातला पहिल्या क्रमांकाचा चित्रकार मानणारे होते. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने त्याला माद्रिदला बोलावलं. तिथे राजवाड्यासाठीच्या भिंतपडद्यांची चित्रं काढायला मेंग्सने एका तरुणाला काम दिलं, त्याचं नाव फ्रान्सिस्को गोया. पुढच्या शतकात जग गोयाच्या बाजूला वळलं आणि मेंग्सवर ‘उसन्या गुणांचा चित्रकार’ असा शिक्का बसला. 29 जून 1779 रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, तो रोममध्ये वारला.

त्याच्या पेस्टल चित्रांवर मात्र हा शिक्का टिकत नाही. तिथे नियम आठवायला सवडच नव्हती. समोर जिवंत माणूस बसलेला, हातात ठिसूळ कांडी, खोडायची सोय फार कमी. जे मनगटात मुरलं होतं तेवढंच कागदावर उतरलं. त्याची मोठी बहीण तेरेझा कोंकोर्दियाही याच तालमीतून गेली होती. 1745 च्या सुमाराचं तिचं पेस्टल आत्मचित्र ड्रेस्डेनमध्ये आहे, आणि ते बघितलं की कळतं, या घरात गुरूंचं नाव मुलाला मिळालं, पण हात दोघांनाही मिळाला होता. जिला ते नाव मिळालं नाही तिच्याही बोटांत तोच मऊ उजेड आहे.

आता ही चित्रं सांभाळायची जबाबदारी संग्रहालयाची. पेस्टल चित्रांवर साधारण पन्नास लक्सपर्यंतच उजेड ठेवतात, घरातल्या मंद दिव्याएवढा. काही रंग उजेडाने उडतात म्हणून ही काळजी. समोर काचच हवी. साध्या प्लास्टिकचा पत्रा चोळला गेला की त्यात वीज साठते आणि तो पूड ओढून घेतो. धक्का बसला की कण सुटतात, त्यामुळे ही चित्रं प्रवासाला फारशी पाठवत नाहीत. एवढं करूनही कुणी पूड चिकटवून टाकत नाही. ती सुटीच राहू देतात. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या गालावरची लाली कागदाच्या तंतूंना नुसती टेकून उभी आहे, आणि जिथे त्याचं बोट फिरलं, तिथे ती अजून तशीच मऊ आहे.